फिलिपिन्सची सुपारी

फिलिपिन्स हे नाव आमच्या ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदा निघालं ते एका रविवारी, उपासना संपत आल्यावर सूचना वाचताना. पाळकसाहेब नगरहून नुकतेच बदलून आले होते. अंगानं किडकिडीत, गळ्यातली पट्टी कायम एका बाजूला सरकलेली, पण उत्साह असा की घंटासुद्धा ते स्वतःच वाजवायचे आणि वाजवून झाल्यावर आपल्यालाच उशीर झाल्यासारखे आत पळत यायचे. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खडूनं समुद्र काढला, समुद्रात चार-सहा ठिपके काढले आणि सांगितलं, की या बेटांवर मोठं वादळ झालं आहे. घरांवरचे पत्रे उडाले, समुद्र गावात शिरला, माणसं देवळांत आणि शाळांत झोपताहेत. जगभरातल्या मंडळ्या मदत पाठवत आहेत, आपणही पाठवली पाहिजे. सगळे गप्प बसले. गप्प बसणं आमच्या मंडळीचा स्वभाव नव्हता, त्यामुळे पाळकसाहेबांना वाटलं, लोकांच्या मनाला भिडलं. तेवढ्यात मागून शांतवनकाका उभे राहिले. हे माझे सख्खे चुलते. नाव शांतवन, पण त्यांना शांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"पाळकसाहेब, त्या लोकायला पाणी जास्त झालं म्हनता का?"

"हो, फारच."

"मग थोडं इकडं पाठवा म्हनावं. आमी पैसे बी देऊ."

सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबही हसले, कारण त्यांच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी अंघोळीला पाणी नव्हतं. त्या साली आष्टीकडचा आमचा सगळा भाग टँकरवर होता. टँकर आला की बायका भांडी घेऊन पळायच्या आणि उपासना चालू असताना आला तर पाळकसाहेब प्रार्थना आवरती घ्यायचे. देवाला आमची अडचण ठाऊक होती. अर्धी मंडळी ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांकडून रोख काय निघणार? पाळकसाहेबांनी सुचवलं, की प्रत्येक घरानं शुक्रवारचं रात्रीचं जेवण सोडावं आणि वाचेल ते द्यावं. माझी आई महिला मंडळाची अध्यक्ष होती. ती जागेवरूनच म्हणाली, "शुक्रवारी आमच्यात हुलग्याचं माडगं आसतंय, पाळकसाहेब. ते सोडलं तर वाचनार काय? हुलगेच की." आणि खरंच, पुढच्या रविवारी दानाच्या टोपल्यात हुलगे आले, बाजरी आली, शेंगा आल्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या आल्या. त्यातल्या एकीची दोरी सुटली. ती पवित्र मेजावर चढून बसली आणि उपदेश संपेपर्यंत उतरली नाही. शांतवनकाका म्हणाले, सगळ्यांत लक्ष देऊन तीच ऐकत होती.

आमचं घर देवळाच्या मागच्या बाजूला होतं. पुढं ओसरी, ओसरीत आण्णांचं शिलाई मशीन. आण्णा म्हणजे माझे वडील, याकोब टेलर. मशीन, चिमण्या, आईच्या परातीत भाकरी थापण्याचा आवाज आणि संध्याकाळी पेटी, या चार आवाजांत मी वाढले. आण्णा मंडळीच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. गाणी तेच रचायचे. कापडावर खडूनं चाल लिहून ठेवायचे आणि मग कुणाच्या तरी पायजम्याच्या मांडीवर "सा रे ग" उमटलेलं असायचं. शांतवनकाकांकडं टाळ. ढोलकी माझ्या भावाकडं होती, पण तो चाकणला कंपनीत लागला आणि ढोलकी खुंटीवर गेली. मी लहानपणापासून पिठाच्या डब्यावर हात चालवत होते. भाऊ गेल्यावर मी ती खुंटीवरून काढली. पहिले काही दिवस सगळ्यांनी, भाऊ येईपर्यंत पोरगी वाजवतेय तर वाजवू दे, म्हणून सोडून दिलं. भाऊ आला, त्यानं एकदा ऐकलं आणि म्हणाला, "सालू, तूच वाजव. माझ्यापरीस बरी वाजवतीस." माझं नाव सालोमी. घरात सालू.

आईला मात्र ही ढोलकी डोळ्यांसमोर नको असायची. गाणं चालायचं, टाळ चालायचा, पण मुलीनं मांडीखाली ढोलकी दाबून बसावं आणि दोन्ही हातांनी बडवावं, हे तिला पटत नव्हतं. "उद्या पाव्हने येतील तर काय सांगू? पोरगी ढोलकी बडवती म्हनून?" असं म्हणत ती ढोलकी धान्याच्या कणगीत लपवायची. कणगी रिकामी असल्यामुळे ढोलकी लगेच सापडायची. माझं लग्नाचं वय झालं होतं, बारावी होऊन वर्ष उलटलं होतं आणि आईनं चारी दिशांना सांगून ठेवलं होतं. लग्नासाठी काढलेल्या फोटोत मी हात जोडून अशी बसले आहे, जणू फोटोवाल्याकडंच काही मागते आहे. आज माझी मुलगी तो फोटो बघून पोट धरून हसते.

तर मदत काही जमेना. मार्ग निघाला तो आप्पांमुळे. आप्पा म्हणजे आमच्या भागातले पुढारी, जमीनदार, सगळ्या कमिट्यांवर असलेले. त्यांचे नेहरू शर्ट आण्णाच शिवायचे. दोन मापांच्या मधल्या काळात आप्पांचं पोट वाढलेलं असायचं, त्यामुळे ते वरचेवर ओसरीवर यायचे. एकदा ते हात वर करून उभे होते आणि आण्णा टेप फिरवत होते. आप्पा म्हणाले, "याकोब, नातवाचं बारसं हाय परवा. डीजे ठरवला व्हता, तर पोलिसांनी डीजेच उचलून नेला. तुमचं ते चर्चचं मंडळ हाय ना? आणा की. सुपारी देतो."

"आप्पा, आमच्याकडं देवाचीच गानी हायत."

"मग आमचं पोरगं काय राक्षसाचं हाय का?"

आण्णांनी पाळकसाहेबांना विचारलं. पाळकसाहेब दोन दिवस विचारात होते. पैसे घेऊन गावं का, हा त्यांचा प्रश्न होता. मग त्यांना आठवलं, की बायबलातला पौलही तंबू शिवून पोट भरायचा. आण्णा म्हणाले, "मग तर तो आमच्यातलाच." झालं. सुपारी फिलिपिन्सच्या नावानं घ्यायची, आपल्याला फक्त जाण्यायेण्याचं आणि चहाचं, असं ठरलं. बारशाला आण्णांनी टोपलीतल्या मोशेचं गाणं घेतलं. नदीत सोडलेलं बाळ राजाच्या घरी वाढतं, ही गोष्ट ऐकून आप्पांच्या घरच्या बायका डोळे पुसू लागल्या. आप्पांना तर एवढं आवडलं, की नातवाचं नाव मोशे ठेवावं का, असंही त्यांनी एकदा मोठ्यानं विचारलं. नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं म्हणून ते राहिलं.

पुढं आमंत्रणं येऊ लागली. पंचाईत असायची ती गाण्यांची. रस्त्यावर एक नवीन ढाबा निघाला, त्याच्या उद्‌घाटनाला पाच भाकरी आणि दोन माशांचं गाणं घ्यावं, असं आम्ही ठरवलं. अन्न, गर्दी, सगळं जुळत होतं. ढाबेवाल्यानं ऐकलं आणि कानात येऊन सांगितलं, "लई झ्याक हाय. पर धाबा शुद्ध शाकाहारी हाय. मासे तेवढे गाळा." तेव्हा त्या दिवशी येशूनं पाच भाकरी आणि दोन भोपळे वाढले. एका तलाठ्याच्या निरोपसमारंभाला आण्णांनी भोळेपणानं जक्कयाचं गाणं लावलं. करवसुली करणारा बुटका माणूस झाडावर चढतो, खाली उतरतो आणि ज्याचं ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देतो. पहिल्या कडव्याला लोक गालातल्या गालात हसत होते. तिसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, आमचा सातबारा ऱ्हायलाय!" तलाठी भाऊसाहेब शेवटपर्यंत टाळ्या वाजवत बसले, पण हात एकमेकांना लागत नव्हते.

आप्पांनी एव्हाना हे कार्य आपलं मानलं होतं. एका सकाळी देवळासमोर फ्लेक्स लागला. त्यावर आप्पा हात जोडून, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुक म्हणून त्यांच्या सगळ्या पोरांचे आणि पुतण्यांचे फोटो. मध्ये समुद्रकिनारा, नारळाची झाडं, मावळता सूर्य. आणि वर मोठ्या अक्षरांत: "फिलिपिन्स येथील चक्रीवादळास हार्दिक शुभेच्छा." छापणाऱ्या पोरानं वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचाच मजकूर घेतला होता. पाळकसाहेब फ्लेक्ससमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, "पाळकसाहेब, भावना बघा." फ्लेक्स दोन दिवस राहिला आणि मग वाऱ्यानं फाटला. शांतवनकाकांचं म्हणणं असं, की वादळानंच उत्तर दिलं.

याच दिवसांत मला स्थळ आलं. बीडला एक गुरुजी होते, आपल्याच समाजातले, शिक्षणसंस्थेत नोकरीला. त्यांचा मुलगा सुधीर एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात बसायचा. फोटो पसंत पडला होता. पुढच्या रविवारी ते मला बघायला येणार होते. आईनं निरोप पाठवला होता तो मला पाठ आहे: मुलगी शांत आहे, संडे स्कूलला शिकवते, आवाजसुद्धा चढवत नाही. आईच्या अंगात वारं शिरलं होतं. तिनं ओसरी सारवली, कपबश्यांचा जोड शेजारून आणून ठेवला आणि ढोलकी पहिल्यांदाच घराबाहेर, शांतवनकाकांच्या गोठ्यात नेऊन लपवली. पण त्याच आठवड्यात आप्पांच्या पुतण्याचं लग्न होतं, तेलगावला, बागायतदाराच्या घरी. आप्पांनी आम्हाला वऱ्हाडाबरोबर यायला सांगितलं होतं. नवरीकडचा बँड ठरलेला होताच. आम्ही फक्त जेवणाच्या वेळी बसून चार शांत गाणी म्हणायची होती. सुपारी आजवरची सगळ्यांत मोठी होती. आईनं पुष्कळ विचार केला आणि ढोलकी गोठ्यातून काढून दिली. "जेवताना कोन बघतंय," असं तीच म्हणाली.

वऱ्हाडाच्या ट्रकमधून आम्ही तेलगावला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आमच्या भागातनं गेलेल्या माणसाला तिकडचा हिरवा ऊस बघून डोळ्यांना गारवा वाटायचा. आई तर ट्रकमधनं वाकून पाटाचं पाणी बघत होती. मांडवात खिचडीचा, मठ्ठ्याचा वास सुटलेला. नवरदेव घोड्यावर बसायला तयार, आणि बँडचा पत्ता नाही. बँडवाल्यानं त्याच दिवशी दुसरीकडची सुपारी घेतली होती आणि तो फोन उचलत नव्हता. परण्या निघायचा म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला न्यायचं आणि तिथून मांडवात आणायचं. वाजतच नसेल तर तरणी पोरं हलणार कशी? मुहूर्त जवळ यायला लागला, नवऱ्याकडचे चिडले, नवरीकडचे घाबरले. कुणीतरी कुणाला तरी "मानपान" हा शब्द बोललं आणि दोन्हीकडच्या बाह्या वर सरकल्या. आप्पा घामाघूम होऊन आमच्याकडं आले. "याकोब, निघा घोड्याफुडं."

"आप्पा, आमी बसून गानारी मानसं."

"मग आज चालून गा! न्हाईतर हितं डोकी फुटतेत!"

आण्णांनी पेटी टॉवेलनं गळ्यात अडकवली. मी ढोलकी गळ्यात घातली. कुठलं गाणं घ्यावं, यावर विचार करायला वेळ नव्हता. आण्णांनी नोहाच्या तारवाचं, त्यांचं स्वतःचं, धरलं, कारण त्याची चाल पळती होती. "आभाळ फुटलं, पानी सुटलं, तारू हाललं गं बाई, तारू हाललं!" पहिल्या दोन ओळींना पोरं एकमेकांकडं बघत उभी होती. मग मी दुगुन घेतली, दुप्पट लय. मला माहीत होतं मी काय करते आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. हाताला सवय होती आणि इतके दिवस बसून, बेतानं वाजलेली ढोलकी त्या मोकळ्या रस्त्यावर अशी घुमली, की घोडा आधी नाचला आणि पोरं नंतर. "ए पेटीवाले, जरा फास्ट घे बे!" असं एक जण आण्णांना म्हणाला. माझ्या वडिलांना कुणी असं "बे" म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आण्णांनी खरंच फास्ट घेतलं. दोन-दोन जण जोडीनं तारवात शिरतात त्या कडव्याला पोरं जोडीजोडीनं नाचू लागली. एक उंच पोरगा तोंडात रुमाल धरून नागीण झाला आणि ढोलकीपुढं रस्त्यावर लोळला. नोहाच्या तारवात नागीणही असणारच, असं शांतवनकाका टाळ बडवत मला म्हणाले. पाळकसाहेब बाजूनं चालत होते आणि प्रत्येकाला समजावत होते, की हे गाणं मुळात पश्चात्तापाचं आहे. थोड्या वेळानं मी बघितलं तर त्यांचेही खांदे हलत होते.

मारुतीपासून मांडवाकडं वळलो तेव्हा आई एकदम माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सालू, म्होरं बघू नगंस. गुरुजी आलेत." नवरीचे वडील ज्या संस्थेवर होते, त्याच संस्थेत गुरुजी शिकवायचे. लग्नाला येणारच होते, पण आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मांडवाच्या तोंडाशी खुर्च्यांवर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, गुरुजीबाई, बसल्या होत्या. आईनं चालता चालताच माझा पदर ओढला आणि नाकापर्यंत खाली आणला. मला रस्ता दिसेना, फक्त स्वतःचे पाय आणि घोड्याचे खूर दिसत होते. मी तशीच वाजवत राहिले. बघणाऱ्या बायका आपसांत म्हणू लागल्या, की या पोरीचा काहीतरी नवस असेल. पण तारू शेवटच्या वेळी हाललं तेव्हा पदरही हालला, आणि तोंडावर धुळीचा थर, घामाच्या रेघा, कपाळाला चिकटलेले केस अशी मी गुरुजीबाईंच्या बरोबर समोर उभी राहिले. त्यांनी मला नीट बघितलं. मग आईला विचारलं, "मार्थाबाई, ही मुलगी कोण हो?"

आई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. निदान माझ्यासमोर तरी नाही. त्या दिवशी तिनं डोळ्याची पापणी न लवता सांगितलं, "ही व्हय? ही भाड्यानं आनलीय. नगरहून."

शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना उचकी लागली. ती जेवणं होईपर्यंत थांबली नाही.

रविवारी ते आले. शेवटपर्यंत मला वाटत होतं, की येणार नाहीत. गुरुजी, गुरुजीबाई आणि इस्त्रीच्या शर्टातला सुधीर. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. सुधीरनं मान वर केली आणि आम्ही दोघंही थिजलो. तो तेलगावचा नागीण होता. त्याच्या कोपरावर लोळल्याचं खरचटलेलं अजून ताजं होतं. त्यानं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की तो काय विनवतो आहे ते मला लगेच समजलं आणि मीही तशाच नजरेनं पाहिलं. आमच्या दोघांचं काय जमलं असेल तर ते तेवढंच. पण शांतवनकाका ओसरीच्या कडेला बसले होते. ते आनंदानं ओरडले, "आरं, हे तर आपलं नागीण!"

गुरुजींनी कप खाली ठेवला. गुरुजीबाई मुलाकडं बघत होत्या, मग माझ्याकडं बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "आणि ही," त्या सावकाश म्हणाल्या, "नगरची भाड्याची ना?"

आण्णांनी मशीनच्या चाकावर उगाच हात फिरवला. गुरुजीबाईंनी, आण्णांनी मुद्दाम बोलावलेल्या पाळकसाहेबांकडं तोंड वळवलं. "पाळकसाहेब, तुम्हीच सांगा. मुलगी कोणाची?" पाळकसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं आणि उचकी आली. पुन्हा उघडलं, पुन्हा आली. शेवटी आईनंच पदर खोचला. "माझीच हाय. त्या दिशी खोटं बोलले. लाज वाटली मला. तुमी काय म्हनचाल म्हनून बोलले."

मला वाटलं, आता उठतील. पण गुरुजीबाई वाईट नव्हत्या, हे मला आता या वयात जास्त कळतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "झालं ते झालं. आमच्या मुलानंही घरात कुठं सगळं सांगितलं होतं?" आणि सुधीरकडं एक नजर टाकली. "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण एक सांगते, ही ढोलकी आजपासून बंद. लोकांच्या घोड्यापुढं वाजवणारी सून आम्हाला चालायची नाही."

आण्णांनी आईकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं. हे वाक्य आई गेली तीन-चार वर्षं रोज बोलत होती. आता दुसऱ्या कुणी बोलल्यावर ती खूश होईल, असंच सगळ्यांना वाटत होतं. आई म्हणाली, "बंद करू की. पर आजून दोन सुपाऱ्या घेतल्यात. एक लिंबागणेशला हाय, एक आष्टीत. त्या झाल्या की बंद."

"त्या रद्द करा."

"कशा रद्द करू? ते पैसे फिलिपिनचे हायत. तिकडं मानसायच्या डोक्यावर पत्रा न्हाई ऱ्हायला."

"मार्थाबाई," गुरुजीबाई जरा चिडूनच म्हणाल्या, "तुम्हाला मुलीचं लग्न महत्त्वाचं आहे का फिलिपिन्स?"

दुसरी कुणी असती तर पटकन काहीतरी बोलून गेली असती. आईनं खरंच विचार केला. ती चुलीसमोर मिठाचा अंदाज घेताना जशी थांबायची तशी थांबली. मग ती म्हणाली, "आवंदा फिलिपिन."

गुरुजी एकदम खो-खो हसत सुटले. त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून पुसावा लागला. गुरुजीबाई हसल्या नाहीत. तरीही चहा झाला, प्रार्थनाही झाली. पाळकसाहेबांनी उचक्यांच्या मधूनमधून ती केली, त्यामुळे ती लांबली. मंडळी गेली. पुन्हा निरोप आला नाही. सुधीरनं एकदा वळून पाहिलं होतं, पण त्यात खेद होता की सुटका, हे मी कधी ठरवू शकले नाही. आई मोरीवर बसून शेजारचे कप विसळत होती, आणि असे विसळत होती, की मला वाटलं एखादा फुटणार. मी जवळ जाऊन विचारलं, "आई, कावून गं आसं बोललीस?"

"काय आसं? खरं तेच बोलले." तिनं कप पालथा घातला. "तुज्या डोक्यावर पत्रा हाय ना? मग गप बस. आन ती ढोलकी आत आन. गोठ्यात तिची पुडी सैल पडंल."

मला रडू आलं. ते स्थळ गेल्याचं नव्हतं.

माझं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, वैजापूरकडच्या माणसाशी. त्याला ताल कळत नाही. टाळ्यासुद्धा उलट्या पडतात. पण बघायला आला तेव्हा त्यानं ढोलकी वाजवून दाखव म्हटलं आणि डोळे मिटून ऐकलं. झोपला होता, असं शांतवनकाकांचं मत. अजूनही रविवारी मी वाजवते. माझ्या मुलीला ढोलकी आवडत नाही. तिला गिटार हवी आहे, आणि मी तिला गिटार बडवून काय करणार आहेस, असं परवाच विचारलं. विचारल्यावर माझी मीच ओशाळले.

त्या दोन्ही सुपाऱ्या आम्ही वाजवल्या. आष्टीची शेवटची होती. मग पाळकसाहेब सगळी जमलेली रक्कम घेऊन स्वतः नगरला गेले, पिशवी पोटाशी धरून, वाटेत एसटीत डुलकीसुद्धा न घेता. परत आले तेव्हा म्हणाले, की तिथल्या साहेबांनी एवढ्या लहान मंडळीनं कसं काय जमवलं असं विचारलं, आणि त्यांना घोड्याची गोष्ट सांगावी की नाही हे कळेना म्हणून ते नुसतेच हसले.

मला आठवतो तो आष्टीहून परतल्याचा दिवस. गाडीनं आम्हाला फाट्यावर सोडलं होतं. आण्णा आणि काका पेटी घेऊन पुढं गेले होते, आई आणि मी मागून चालत होतो. दिवस बुडायला आला होता आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली कोरडी रानं होती. माझे तळवे सुजले होते. आईनं ढोलकी माझ्या गळ्यातून काढली आणि हंडा घेतात तशी कडेवर घेतली. बरंच अंतर आम्ही तशाच चाललो. मग ती म्हणाली, "सालू, त्या फिलिपिनच्या लोकायला गानं येत आसंल का गं?"

"येत आसंल की. कावून?"

"न्हाई, म्हनलं, घरंदारं गेल्यावर मानसं गातेत का न्हाई."

मी त्यांच्यातलं एकही माणूस पाहिलं नव्हतं, आणि आईनं तर समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. ती ढोलकी सावरत पुढं चालत राहिली. ओढ्याची चढण चढून वर आल्यावर थांबली, दम घेतला, आणि माझ्याकडं न बघता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "गात आसतील. रडून रडून मानूस किती रडंल."